परदेशात बसून पुण्यात जुनी इम्पोर्टेड गाडी घ्यायची तर

सान होजे, दुबई, म्युनिक किंवा मेलबर्नला राहायचं आणि पुण्यात आई-बाबांसाठी, नाहीतर परत आल्यावर स्वतःला म्हणून सेकंडहँड मर्सिडीज नाहीतर बीएमडब्ल्यू घ्यायची. असा व्यवहार करणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. आधी फोटोत गाडी आवडते, मग भाव ठरतो, टोकन जातं आणि कागद सगळ्यात शेवटी मागितले जातात. पुण्यात राहणाऱ्याला हा क्रम कसाबसा परवडतो, कारण तो विक्रेत्याच्या दारात जाऊन बसू शकतो. तुम्हाला ते जमणार नाही. म्हणून आधी कागद, मग गाडी आणि भाव शेवटी. कागदांत अडकलेली गाडी बघायला कुणाला पाठवूच नका. पाठवलेला माणूस गाडीच्या प्रेमात पडून येतो आणि मग कागदांतल्या खोडी सगळ्यांनाच बारीक वाटायला लागतात.

तिकडची गाडी इकडे पाठवण्याबद्दल

हा विचार प्रत्येकाच्या मनात एकदा येऊन जातो, म्हणून आधीच निकालात काढू. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटर दाखवणारा हवा, हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हवेत आणि ती मुंबईच्याच कस्टम्समधून सोडवावी लागते. अमेरिका, जर्मनी आणि आखातातल्या गाड्या स्टिअरिंगपाशीच बाद होतात. ब्रिटन, सिंगापूर, जपान, ऑस्ट्रेलियातून आणली तरी कस्टम ड्यूटी आणि त्यावरचा जीएसटी धरून गाडी मूळ किमतीच्या तिपटीहून महाग पडते. शिवाय चाचणीचं प्रमाणपत्र, नोंदणी आणि रोड टॅक्स वेगळा. त्यापेक्षा महाराष्ट्रात आधीच पासिंग झालेली गाडी शोधा.

नक्की कोणती गाडी इम्पोर्टेड?

पुण्यात हा शब्द फार सैल वापरला जातो. ज्या ई-क्लासला शेजारी ‘इम्पोर्टेड’ म्हणतात ती बहुतेक वेळा आपल्या चाकणला जोडलेली असते. बीएमडब्ल्यूची थ्री आणि फाइव्ह सीरिज चेन्नईजवळ, ऑडीच्या ए४ आणि ए६ संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. जग्वार-लँड रोव्हरची काही मॉडेलं २०११ पासून पुण्यातच जोडली जातात, पण रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट २०२४ पर्यंत पूर्ण तयार होऊन बाहेरून यायच्या. पोर्शे, बीएमडब्ल्यू झेड४ वगैरे अख्ख्या आयात. बाजारात अशा गाडीला सीबीयू म्हणतात, आणि सुट्या भागांतून इथे जोडलेली ती सीकेडी.

हा फरक मिरवण्यापुरता नाही, पैशांचा आहे. महाराष्ट्रात आयात गाडीला, आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीलाही, वन-टाइम टॅक्सचा दर २० टक्के आहे. इथल्या पेट्रोल गाडीला तो किमतीप्रमाणे ११ ते १३ आणि डिझेलला १३ ते १५ टक्के. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर साध्या कारला ५,००० रुपये लागतात, इम्पोर्टेडला ४०,०००. वीस वर्षांपुढे, ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार, साध्या कारला १०,००० आणि इम्पोर्टेडला ८०,०००. नूतनीकरण दर वेळी पाचच वर्षांचं. म्हणजे २०१२ ची सीबीयू आज स्वस्तात मिळत असेल, तर २०२७ चा हा खर्च तुमच्या माथी येणार म्हणूनही ती स्वस्त असू शकते. पार्टचंही तेच. चाकणच्या गाडीचा बंपर आठवड्यात मिळेल; सीबीयूच्या मागच्या काचेसाठी गाडी दोन-दोन महिने वर्कशॉपला उभी राहू शकते.

कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीने स्वतः आयात केलेली गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडचा आयातीचा कागद, आणि ड्यूटी भरल्याची पावती मागा. ती नसेल तर पुढे बोलूच नका. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे चोरून आणलेल्या महागड्या एसयूव्ही पकडल्या. त्या दुसऱ्या राज्यांत रीतसर नोंदवलेल्या दिसत होत्या. आरसी आहे म्हणजे ड्यूटी भरलेली आहे असं होत नाही, आणि अशी गाडी सध्याच्या मालकाच्या दारातूनही उचलली जाते.

नाव कुणाचं लावायचं

आमचं मत स्पष्ट आहे. गाडी वर्षातले अकरा महिने आई-बाबाच वापरणार असतील तर ती त्यांच्यापैकी एकाच्या नावावर घ्या. आरटीओचे ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतात, पत्त्याचा पुरावा पुण्याचा असतो, सह्या करायला माणूस हजर असतो. आरसीवर मालक एकच लागतो, संयुक्त नाव नाही. पण २०२१ पासून नॉमिनी नोंदवता येतो. बाबा सत्तरीच्या पुढचे असतील तर ट्रान्सफरच्याच वेळी तो नोंदवून घ्या. पुढे वारसाची कागदपत्रं गोळा करत फिरण्यापेक्षा हे सोपं आहे.

पैसे तुम्ही देणार असाल तर ते आई किंवा बाबांच्या खात्यावर पाठवा आणि विक्रेत्याला त्यांच्या खात्यातून जाऊ द्या. मुलाने किंवा मुलीने आई-वडिलांना दिलेल्या भेटीवर त्यांना प्राप्तिकर लागत नाही. तरी रक्कम, तारीख आणि ‘भेट’ असा उल्लेख असलेलं एका पानाचं पत्र सही करून ठेवा. निवृत्त माणसाच्या नावावर तीस लाखांची गाडी दिसली की विचारणा होऊ शकते.

स्वतःच्याच नावावर घ्यायची असेल तर पुण्यातला पत्ता असलेलं आधार, त्याला जोडलेला चालू भारतीय मोबाइल नंबर आणि पॅन या तीन गोष्टी आधी जागेवर आणा. पैसे एनआरई किंवा एनआरओ खात्यातून द्या. कॉलेजच्या काळातलं साधं बचत खातं अजून तसंच असेल तर ते आधी एनआरओ करून घ्या. मुखत्यारपत्र लागणार असेल तर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरमधून ते नोटरी करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे दुसऱ्या देशात चालणारा तिथल्या सरकारचा शिक्का, घ्या. अमिराती त्या करारात नाही आणि जर्मनीने भारताबाबत हरकत नोंदवलेली आहे, म्हणून तिथून भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. लोक हे विसरतात आणि नेमक्या वेळी कागद निरुपयोगी ठरतो. मजकुरात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, विक्रेत्याचं नाव आणि नेमकी कोणती कामं करायची ते लिहा. ‘सर्व अधिकार’ देणारं मुखत्यारपत्र सख्ख्या मामालाही देऊ नका.

कागद वाचताना

विक्रेत्याकडून पाच गोष्टींचे स्वच्छ स्कॅन मागा: आरसीच्या दोन्ही बाजू, चालू विमा पॉलिसी, मूळ खरेदीचं बिल, अधिकृत वर्कशॉपचा पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड आणि कर्ज असेल तर बँकेचं खातेपत्रक. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचा क्रमांक, एचपी म्हणजे बँकेचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत, प्रदूषणाचा टप्पा बीएस-४ की बीएस-६ आणि ब्लॅकलिस्टची नोंद बघा. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून सांगितलेली गाडी इथे तिसऱ्या मालकाची निघू शकते. गाडी तयार झाल्याचा महिना आणि नोंदणीचा महिना ताडून बघा. दोन्हींत वर्षाचं अंतर असेल तर ती शोरूममध्ये पडून होती आणि भाव जुन्या वर्षाचा धरायचा. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावरही नंबर टाका. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आल्यापासून मुंबई-पुणे करणाऱ्या गाड्यांवर दंडाची माळ लागलेली असते.

विम्याच्या कागदावरचा नो क्लेम बोनस नीट बघा. ५० टक्के बोनस म्हणजे सलग पाच वर्षं क्लेम नाही. बोनस शून्य असेल तर गेल्या वर्षी काय झालं ते विचारा, आणि ‘काही नाही, थोडं घासलं होतं’ हे उत्तर सर्व्हिस रेकॉर्डशी जुळतं का ते बघा. सर्व्हिस रेकॉर्ड वाचताना फक्त तारीख आणि किलोमीटर असे दोन स्तंभ कागदावर उतरवून काढा. २०१९ ला ६२,००० आणि २०२१ ला ५८,००० असं दिसलं तर मीटर मागे फिरवलेला आहे, दुसरा अर्थ नाही. आकडे चढते असूनही दोन वर्षं सर्व्हिसच नसेल तर गाडी उभी होती किंवा बाहेरच्या गॅरेजला गेली. बाहेरची बिलं मागा.

परराज्यातल्या नंबरचा मोह आवरा. पुदुच्चेरी, हिमाचल, झारखंडचा नंबर असलेली गाडी दिसायला तीच, भाव कमी. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी आणून इथे नवा नंबर घ्यावा लागतो. शिवाय मूळ किमतीवर, वय वजा करून, महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो. आयात गाडीला तो वाढीव दराने. दिल्लीच्या दहा वर्षांजवळच्या डिझेल गाड्या याच वाटेने पुण्यात येतात. हिशेब मांडल्यावर फायदा उरला तरच घ्या. आणि हिशेब तुम्ही मांडायचा, दलालाने नाही. एमएच-०१, ०२, ०४, ४३ मधली गाडी मात्र बिनधास्त बघा. राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो आणि मुंबईत निवड कितीतरी जास्त आहे.

महागड्या गाड्यांपैकी बऱ्याच कंपनीच्या नावावर असतात. तिथे विक्रीसाठी संचालक मंडळाचा ठराव, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, कंपनीचा शिक्का आणि रीतसर बिल लागतं. ‘साहेबांची सही घेऊन देतो’ यावर जाऊ नका.

गाडी बघायला कोण जाणार

आई-बाबा नकोत. त्यांना विक्रेत्याशी चहा घेऊन ‘माणूस चांगला आहे’ एवढंच सांगता येतं. विक्रेत्याचा मेस्त्री नको. ‘गाडी घेतलीत तर कमिशन’ असा एजंटही नको, कारण गाडी नाकारली की त्याचा धंदा बुडतो. त्या ब्रँडचं काम करणारं स्वतंत्र वर्कशॉप गाठा आणि ठरलेली फी आगाऊ द्या, गाडी घ्या किंवा सोडा. सोबत एक भाऊ-बहीण-मित्र असा माणूस द्या, ज्याचं काम फक्त फोन धरणं आणि तुम्ही सांगाल तिथे कॅमेरा नेणं. तपासणारा आणि भाव करणारा, दोन्ही कामं एकाच्या हातात देऊ नका.

व्हिडिओ कॉल लाइव्हच हवा, पाठवलेली क्लिप नको. गाडी रात्रभर उभी असताना, पहिल्या स्टार्टला बघायची. पुण्यात सकाळचे साडेआठ म्हणजे दुबईत सात आणि उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे आठ, तेव्हा जागरणाची सबबही उरत नाही. कॉल सुरू झाल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायला सांगा आणि तापमानाचा काटा दाखवायला सांगा. इंजिन गरम असेल तर कुणीतरी आवाज लपवलाय. दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.

थंड इंजिनाचे पहिले पाच-सात सेकंद फार बोलके असतात. इंजिनातल्या साखळीचा, म्हणजे टायमिंग चेनचा, खडखडाट ऐकू आला तर थांबा. २००७ ते २०११ च्या बीएमडब्ल्यू एन४७ डिझेलमध्ये टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गीअरबॉक्सकडे असते. ती बदलायला इंजिन नाहीतर गीअरबॉक्स उतरवावा लागतो. एन२० पेट्रोलमध्ये चेनचे प्लॅस्टिक गाइड तुटतात. जुन्या मर्सिडीज कॉम्प्रेसर पेट्रोलमध्ये, म्हणजे एम२७१ मध्ये, चेन आणि कॅमचे दाते झिजतात. २००८ ते २०१२ च्या ऑडी टू-लिटर टीएफएसआय ऑइल पितात. तिथे ‘दोन सर्व्हिसच्या मध्ये किती ऑइल टाकता?’ हा प्रश्न सहज विचारा आणि उत्तर येताना चेहरा बघा. लँड रोव्हरच्या तीन लिटर डिझेल व्ही६ मध्ये क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची तक्रार जगभर माहीत आहे. ती गाडी घ्यायचीच तर वेळेवर ऑइल बदलल्याची सगळी बिलं हातात असल्याशिवाय नको. सायलेन्सरचा धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय.

मग स्कॅनर. गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर दोष वाचणारा साधा ओबीडी डोंगल पुरत नाही. मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस किंवा व्हीसीडीएस असं ब्रँडचं साधन हवं. मीटर फिरवणारे बहुतेक वेळा फक्त डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात. किलोमीटर गाडीतल्या इतर मॉड्यूलमध्येही (छोट्या संगणकांत) साठलेले असतात, ते वाचून ताडून घ्या. फॉल्ट शून्य दिसले म्हणून खूश होऊ नका. आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या उत्सर्जन तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. म्हणजे पडदा नुकताच टाकलाय. त्या पूर्ण व्हायला थोडे दिवस गाडी चालवावी लागते, तेव्हा तेवढ्या दिवसांनी पुन्हा स्कॅन करा. डिझेल असेल तर डीपीएफमधली, म्हणजे धूर गाळणाऱ्या फिल्टरमधली, काजळी आणि शेवटच्या रीजनरेशननंतरचं, म्हणजे ती काजळी जाळल्यानंतरचं, अंतर याच स्कॅनरवर वाचता येतं.

डिझेलचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकू. कोथरूडहून डेक्कनला भाजी आणि बँक, एवढंच बाबांचं ड्रायव्हिंग असेल तर बीएस-६ डिझेल घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. डीपीएफ साफ व्हायला साठच्या वर सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळावी लागते, आणि कर्वे रोडवर ती पळत नाही. मग दिवा लागतो आणि दुर्लक्ष केलं तर फिल्टर चोंदतो. पेट्रोल घेतलंत तर टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर बघा. ऑक्टेन ९५ लिहिलं असेल तर त्याहून कमी ऑक्टेनचं चालवू नका, आणि ई१० लिहिलं असेल तर आता सगळीकडे मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिच्या नळ्या-सील-पंपांसाठी ठरवलेलं नाही हे गृहीत धरा. फ्युएल लाइन तपासून घ्या.

पत्रा बघायला पेंटची जाडी मोजणारं यंत्र लागतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १६० मायक्रॉन भरतो. २०० च्या वर गेला तर पुन्हा मारलेला, ५०० च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली. एक दरवाजा रंगवलेला असणं पुण्यात काहीच नाही, इथल्या पार्किंगमध्ये तो योग असतोच. छप्पर किंवा खांब रंगवलेले असतील तर गाडी सोडा. सगळ्या काचांवरचा शिक्का एकाच कंपनीचा आणि जवळच्याच काळातला आहे का ते पाहा. टायरवर डीओटीच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी उचलून खालचा भाग दाखवायला सांगा. आपले स्पीडब्रेकर ठेंगण्या गाडीच्या पोटाला काय करतात ते तिथे कळतं.

पाण्यात बुडालेली गाडी वरून चकाचक असते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ आणि २०२१ ला सांगली-कोल्हापूरला तेच झालं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, सीटच्या रुळांना आणि खालच्या स्क्रूंना गंज आहे का, डिकीत स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात गाळ आहे का आणि कार्पेट उचलल्यावर खालचा फोम ओलसर आहे का ते बघा. यातल्या बऱ्याच गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल सीटखाली किंवा जमिनीलगत असतात. पाणी गेलं की ते लगेच मरत नाहीत, सहा महिन्यांनी मरतात.

एअर सस्पेन्शन असेल तर रात्री चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा दोन-तीन सेंटिमीटर बसला असेल तर तिथला बेलो (हवेची पिशवी) किंवा व्हॉल्व्ह गळतोय आणि कॉम्प्रेसरही जास्त चालून थकलेला असणार.

चालवून बघायला किमान चाळीस मिनिटं लागतात. आधी पेठेतली गर्दी, मग कात्रजचा जुना घाट, एसी चालू ठेवून. सुस्त चालीत पहिल्या-दुसऱ्या गीअरला झटका, चढावर तापमानाचा काटा वर सरकणं, उतारावर ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरणं, या तीन गोष्टी घाटात लपत नाहीत. सात गीअरची कोरड्या क्लचची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गीअरबॉक्स) असेल तर गर्दीतला झटका गांभीर्याने घ्या. गीअर बदलणाऱ्या मेकॅट्रॉनिक युनिटचं काम महाग असतं. बीएमडब्ल्यू, ऑडी, लँड रोव्हरमध्ये येणाऱ्या झेडएफच्या आठ गीअरच्या बॉक्सला ‘लाइफटाइम ऑइल’ म्हणतात, ते ऐकू नका. ८०,००० ते १,००,००० किलोमीटरला ते बदललेलं हवं.

भाव आणि पैसे

भाव बोलायच्या आधी चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपकडून पाच गोष्टींचं लेखी कोटेशन घ्या: चार टायर, पुढच्या-मागच्या ब्रेक डिस्क आणि पॅड, बॅटरी, एक हेडलाइट, आणि असेल तर एअर सस्पेन्शनचा एक स्ट्रट. हा कागद हातात असला की ‘दोन-तीन लाख कमी करा’ अशी घासाघीस करावी लागत नाही. झिजलेल्या वस्तूंची बेरीज समोर ठेवायची. गाडीच्या किमतीच्या दहा-पंधरा टक्के पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ते परवडत नसतील तर खालचं मॉडेल घ्या, जुनं मोठं मॉडेल नव्हे.

टोकन पंचवीस-पन्नास हजारांच्या पुढे नको, आणि व्हॉट्सॲपवर का होईना, ‘तपासणीत किंवा कागदांत दोष निघाल्यास परत’ एवढं लिहून घ्या. पैसे जाणारं खातं आणि आरसीवरचं नाव एकच हवं. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट बँकेच्या कर्जखात्यात भरा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. ‘थोडे कॅश द्या, बिल कमी दाखवू’ म्हणणाऱ्याकडे कमी दाखवलेली रक्कम पुढे वादात तुमच्याच विरुद्ध जाते. डीलरकडून दहा लाखांवरची गाडी घेतलीत तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, लागतो, पॅन दिला नाही तर जास्त. तो रिटर्न भरून वळता करता येतो. आरसी नावावर होईपर्यंत पाच-दहा टक्के हातात राखून ठेवा. डीलर कुरकुर करेल, करू द्या.

डीलरकडे आरटीओचं अधिकारपत्र आहे का तेही विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरने गाडी ताब्यात घेताना फॉर्म २९सी वर तशी नोंद करायची असते. ती नसेल तर आरसीवरचा मालक अजून जुनाच आहे आणि सही त्याचीच लागेल.

ट्रान्सफर आणि विमा

नाव बदलायला लागतात ते कागद: फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे पत्त्याचे पुरावे आणि पॅन, चेसिसचा पेन्सिल ट्रेस. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. या एनओसीची मुदत साधारण तीन महिने असते, ती उलटली की पुन्हा बँकेच्या चकरा. विक्रेत्याची सही आरटीओच्या नोंदीतल्या सहीशी जुळायला हवी; सगळ्यात जास्त फायली इथेच परत येतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, बसवलेली असू द्या, नाहीतर काम अडतं. एमएच-१२ चं काम संगम पुलाजवळ, एमएच-१४ चं मोशीला. विक्रेत्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो.

विम्याकडे दुर्लक्ष करू नका. गाडी हस्तांतरित झाली की थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा येत नाही. तो चौदा दिवसांत अर्ज करून नावावर करावा लागतो. मधल्या काळात गाडी ठोकली तर दुरुस्ती तुमच्या खिशातून. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. पॉलिसीला जोडून मिळणारं ‘इंजिन प्रोटेक्ट’ जरूर घ्या, कारण साचलेल्या पाण्यात इंजिनात पाणी गेल्याचा खर्च साध्या पॉलिसीत येत नाही.

गाडी दारात आल्यावर

ताबा घेताना दोन्ही किल्ल्या मागा, आणि लॉकिंग व्हील बोल्टचा तो अंगठ्याएवढा अडॅप्टरही मागा. तो नसेल तर पंक्चर झाल्यावर चाक निघत नाही. अडॅप्टर बहुतेक वेळा डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, नाहीतर जुन्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये. हरवलेली किल्ली गाडीच्या यादीतून काढून टाकायला सांगा. मर्सिडीज मी किंवा माय बीएमडब्ल्यूसारख्या ॲपमधून जुन्या मालकाचं खातं त्याच्यासमोरच काढून घ्या. नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहतं. फास्टॅग त्याने बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा.

तुम्ही परत गेल्यावर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्महिने उभी राहणार असेल तर दोन शत्रू आहेत, बॅटरी आणि उंदीर. या गाड्या बंद असतानाही थोडी वीज खात राहतात. पार्किंगमध्ये प्लग असेल तर एजीएम बॅटरीला चालणारा मेंटेनर चार्जर लावून ठेवा. प्लग नसेल तर आठवड्यातून एकदा ड्रायव्हरला अर्धा तास हायवेवर न्यायला सांगा. जागेवर पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून काही होत नाही, उलट स्टार्टला खर्च झालेली वीजही भरून येत नाही. बॅटरी बदलली तर बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत ती स्कॅनरने नोंदवावी लागते, कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे ते होईलच असं नाही. उंदरांसाठी इंजिनाच्या तळाशी जाळी बसवून घ्या आणि दर फेरीला बॉनेट उघडून बघायला सांगा. सुकलेलं गवत, चघळलेला फोम किंवा लेंड्या दिसल्या तर गाडी सुरू न करता आधी वायरिंग तपासून घ्यायचं.